स्तुतीच्या पुस्तकात एवढ्या तक्रारी कशा? बायबलमधली दीडशे स्तोत्रं आणि मराठी चर्च

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, कोंबड्या, लहानगी पोरं ट्रॉलीत टाकून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांकडे निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. ही माणसं परततात ती थेट मार्च-एप्रिलमध्ये. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे बरेच सण उसाच्या फडातच होतात. त्यांच्यात एखादं ख्रिस्ती कुटुंब असेल तर त्याचा नाताळही तिथेच.

बीडमध्ये ख्रिस्ती माणसं किती? फार थोडी. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार, आणि त्यात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कितीतरी कमी. पण बीड, अंबाजोगाई किंवा शेजारच्या नगर-जालन्याच्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारी सकाळी जाऊन बसलात तर एक गोष्ट हमखास कानावर पडेल: ‘स्तोत्रसंहिता’ या पुस्तकातलं एखादं स्तोत्र. कधी वाचलेलं, कधी आलटून पालटून म्हटलेलं, कधी पेटी-ढोलकीवर गायलेलं.

आणि या पुस्तकाची गंमत अशी की त्याचं नाव एक सांगतं आणि आत भलतंच निघतं.

मूळ हिब्रू भाषेत या पुस्तकाला ‘तेहिल्लीम’ म्हणतात. अर्थ, स्तुतिगीतं. एकूण १५० गाणी, पाच भागांत लावलेली. त्यातल्या ७३ गाण्यांवर दावीद राजाचं नाव आहे. पण ही सगळी एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाहीत, ती कित्येक शतकं जमत गेली, यावर अभ्यासकांचं एकमत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेर्मान गुंकेल नावाच्या जर्मन अभ्यासकाने या गाण्यांचे प्रकार पाडले. राजाची गाणी, उपकारस्तुतीची गाणी, स्तुतीची गाणी, विलापाची गाणी. मोजदाद केल्यावर सगळ्यात मोठा गठ्ठा निघाला तो विलापाचा. साधारण एक तृतीयांशाहून जास्त.

म्हणजे स्तुतीच्या पुस्तकात सगळ्यात जास्त काय आहे, तर देवाकडे केलेली तक्रार.

देवाला जाब विचारायची परवानगी

ही तक्रार गुळमुळीत नाही. तेराव्या स्तोत्रात कवी सुरुवातीलाच ‘अजून किती दिवस’ या अर्थाचा प्रश्न चार वेळा विचारतो. चव्वेचाळिसाव्या स्तोत्रात सगळा समाज देवाला सांगतो की आम्ही काही चुकलेलो नसताना तू आम्हाला मार खाऊ दिलास. वर त्याला झोपलेल्या माणसासारखं हलवून उठवायला बघतो. काही ठिकाणी तर चक्क सौदा आहे. मी मेलो तर तुझं नाव घेणारा एक माणूस कमी होईल, नुकसान तुझंच, असा हिशेब कवी मांडतो. यात घाबरलेल्या माणसाची धडपड आहे, पण हक्काने भांडणाऱ्याची ऐटही आहे.

बहुतेक विलापगीतांचा साचा ठरलेला असतो. आधी देवाला हाक, मग दुखणं, मग मागणी, आणि शेवटाकडे सूर बदलतो. कवी म्हणतो की तू ऐकशील याची खात्री आहे, मी पुन्हा तुझं गाणं गाईन. हा बदल अचानक का होतो यावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. एक तर्क असा की देवळात याजक मध्येच धीराचा शब्द सांगत असावा आणि त्यानंतर गाणारा सावरत असावा.

पण ८८ क्रमांकाचं स्तोत्र सावरतच नाही. आजारी, एकटा पडलेला, मित्रांनी टाकलेला माणूस बोलत राहतो आणि गाणं अंधारावरच संपतं. शेवटी दिलासा नाही, आभार नाहीत. ज्यांनी हा संग्रह तयार केला त्यांना हे गाणं सहज वगळता आलं असतं. त्यांनी ते ठेवलं.

नवरा गमावलेल्या बाईला, कर्जाच्या नोटिशीने झोप उडालेल्या शेतकऱ्याला उपासनेत बसून हसऱ्या चेहऱ्याने टाळ्या वाजवायला लागू नयेत, याची सोय या पुस्तकात अडीच हजार वर्षांपासून करून ठेवलेली आहे. बीडचं नाव शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत किती वेळा येतं हे सांगायला नको. अशा भागात ही सोय छोटी नाही.

शिवाय ही तक्रार फक्त आजारपणाची आणि एकटेपणाची नाही, पैशाची आणि सत्तेचीही आहे. दहाव्या स्तोत्रात गावाच्या आडोशाला दबा धरून गरिबाला जाळ्यात ओढणारा माणूस आहे. देव आपल्याकडे बघत नाही, असं त्या माणसाला वाटत असतं. पंधरावं स्तोत्र विचारतं की देवाच्या डोंगरावर राहायची लायकी कुणाची. उत्तरात पूजाअर्चेचा शब्द नाही. खरं बोलणारा, नुकसान झालं तरी शब्द पाळणारा, लाच न घेणारा, आणि व्याजाने पैसे न लावणारा. सावकारी पाहिलेल्या गावात हे स्तोत्र वाचलं तर ते वेगळंच ऐकू येणार.

हे मराठी माणसाला नवीन आहे का?

अजिबात नाही. देवाशी भांडणं ही आपल्याकडे भक्तीचीच रीत आहे. जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते. चोखामेळा उंबरठ्याबाहेर उभा राहून विचारतो की मला असा जन्म दिलास तर सेवा तरी कशी करायची. तुकारामांच्या घरात १६३०च्या आसपासच्या दुष्काळाने माणसं नेली, आणि त्यानंतरच्या अभंगांत देवावरचा राग लपवलेला नाही. सप्ताह, नारायणगड, भगवानगड यांच्या बीडमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अजून एक साम्य आहे. १२० ते १३४ ही १५ स्तोत्रं ‘आरोहणाची गाणी’ म्हणून ओळखली जातात. यरुशलेम शहर डोंगरावर वसलेलं. सणाला तिथे चढून जाणारे यात्रेकरू ही गाणी म्हणत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. छोटी, पाठ व्हायला सोपी, चालता चालता म्हणायची. वारी बघितलेल्या माणसाला याहून जास्त स्पष्टीकरण लागणार नाही.

फरकही आहे, आणि तो रचनेचा आहे. अभंग-ओवीत यमक लागतं. हिब्रू स्तोत्रांत आवाजाचं यमक जवळपास नसतं, तिथे अर्थाचं यमक असतं. एक ओळ काहीतरी सांगते, दुसरी तेच थोडं पुढे नेते. समजा बीडच्या एखाद्या माणसाने त्या पद्धतीने लिहायचं ठरवलं तर ते असं काहीतरी होईल: विहिरीचा तळ उघडा पडला, बारवेच्या पायऱ्या शेवटपर्यंत मोजता आल्या. दुसऱ्या ओळीत नवी माहिती फारशी नाही, पण चित्र पक्कं झालं. याचा फायदा असा की भाषांतर केलं तरी स्तोत्राचा कणा मोडत नाही, कारण यमक हरवायला मुळात नव्हतंच. तोटा असा की तसंच मराठीत आणलं तर ते वाचता येतं, गाता येत नाही. मराठी कान चाल मागतो.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

गाणी मराठीत आली कशी

बायबल मराठी छंदात आणायचा सगळ्यात गाजलेला जुना प्रयत्न गोव्यातला. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, भाषा शिकला आणि त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये राचोल इथे छापलं गेलं. योगायोग बघा, याच्या थोडंच आधी, १६१५च्या सुमारास, बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला दासोपंतांचं निधन झालं. कापडाच्या पासोडीवर ओव्या लिहिणारे ते दासोपंत. एकाच काळात, एकाच छंदात, दोन टोकांना दोन वेगळी कामं चालू होती. अर्थात ख्रिस्तपुराण ही बायबलची कथा आहे. त्यात स्तोत्रांचं भाषांतर नाही.

मराठवाड्याच्या बाजूला ही गाणी पोहोचली ती एकोणिसाव्या शतकात, आणि बीडच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या वाटांनी.

पश्चिमेला नगर. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं. ही मंडळी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतली. त्यांच्या पूर्वजांनी अमेरिकेत वसाहत केल्यावर छापलेलं पहिलं पुस्तक कुठलं होतं? १६४० सालचं ‘बे साम बुक’, म्हणजे गाता येतील अशी छंदात बसवलेली स्तोत्रं.

उत्तरेला जालना, जे तेव्हा बीडसारखंच निजामाच्या राज्यात होतं. तिथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली होती. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले. आणि स्कॉटिश परंपरा तर अशी कडक की उपासनेत दीर्घकाळ स्तोत्रांशिवाय दुसरं गाणं जवळपास चालतच नसे.

थोडक्यात, स्तोत्रगायनाला जिवापाड मानणारे दोन्हीकडचे लोक इथे आले. पण त्यांच्या चाली मराठीला मानवेनात. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व अक्षर लांबतं, नको त्या जागी जोर येतो, आणि गाणारा अर्थ सोडून चालीच्या मागे धावत सुटतो. नगरमध्ये कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी यावर उपाय काढला तो कीर्तनाचा. उभं राहून, टाळ-मृदंगाच्या साथीने, पदं आणि निरूपण असं करत बायबलमधलं आख्यान सांगायचं. ऐकायला ख्रिस्ती नसलेलेही बसत.

मग आले नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढची बरीच वर्षं ते नगरला राहिले. तुकारामच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणणारा पूल ठरला, अशा अर्थाचं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, पदं लिहिली, आणि ती इतकी रुळली की मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातला मोठा हिस्सा आजही त्यांचा आहे. टिळकांनी दीडशे स्तोत्रांचा शब्दशः अनुवाद केला नाही. त्यांनी देवाशी जवळिकीने, रुसून, हट्टाने बोलायचा स्तोत्रांचा सूर संतांच्या मराठीत आणला. स्मृतिचित्रांमुळे घराघरात पोहोचलेल्या लक्ष्मीबाईंचे हेच यजमान.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं. संस्कृत विदुषी म्हणून गाजलेल्या या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. हेतू एकच, कमी शिकलेल्या बायांना ते कळावं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यात गेली. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये पूर्ण बायबल बाहेर पडलं, केडगावच्या मुक्ती मिशनच्या स्वतःच्या छापखान्यातून. अक्षरं जुळवणाऱ्या, छापणाऱ्या बायकाच होत्या. त्यांच्यातल्या कित्येकींना रमाबाईंनी दुष्काळातून वाचवून आणलं होतं. विलापाची स्तोत्रं त्यांच्या हाताखालून खिळ्याखिळ्याने गेली.

चर्चमध्ये ती नेमकी वापरतात कशी?

इथे पंथानुसार फरक पडतो. बीडमधले कॅथलिक १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. त्यांच्या मिस्सामध्ये पहिल्या वाचनानंतर ‘प्रतिसाद स्तोत्र’ असतं: एकजण ओळी म्हणतो, लोक मधून मधून ध्रुवपद म्हणतात. कुठल्या रविवारी कुठलं स्तोत्र हे फादर ठरवत नाहीत. तीन वर्षांचं एक चक्र जगभर ठरलेलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) लॅटिनची जागा मराठीने घेतली तेव्हापासून हे लोकांच्या तोंडी आलं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी बऱ्याच जणी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. तिथे नेमून दिलेली वाचनं असतात, पण पाळकांना आणि गायनवृंदाला मोकळीकही जास्त. स्वतंत्र मंडळ्यांमध्ये तर सगळं त्या दिवशीच्या भक्ती चालवणाऱ्यावर.

काही जागा मात्र सगळीकडे पक्क्या आहेत. अंत्यविधीला तेविसावं, मेंढपाळाचं. उपवासकाळात एक्कावन्नावं, पश्चात्तापाचं. प्रवासाला निघताना एकशे एकविसावं. पीक आल्यावर उपकारस्तुतीला पासष्टावं, पाऊस आणि भरल्या शेतांचं. आणि उत्तम शुक्रवारी बाविसावं, कारण वधस्तंभावर येशूने त्याच स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली असं शुभवर्तमानात लिहिलं आहे. देवाने आपल्याला टाकलं का, हा प्रश्न विचारणारी ओळ. ख्रिस्ती धर्माच्या मध्यभागी असलेला माणूस मरताना एक विलापगीत म्हणत होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

(शोधताना गोंधळ होऊ नये म्हणून: जुन्या कॅथलिक पुस्तकांत बरेच क्रमांक एकने मागे असतात. ग्रीक भाषांतरात नववं-दहावं स्तोत्र एकच धरल्यामुळे तिथे २३वं हे २२वं होतं.)

मग विलाप गेला कुठे?

पुस्तकात एक तृतीयांशाहून जास्त असलेला विलाप रविवारच्या गाण्यांत तेवढा ऐकू येत नाही. यूट्यूबवर मराठी ख्रिस्ती गाणी शोधून बघा. स्तुती, आराधना, विजय, आशीर्वाद यांचा भरणा. ८८व्या स्तोत्राला चाल लावलेली सापडली तर नशीब. हे फक्त मराठीत नाही. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रूगमन यांनी १९८६ मध्ये एका लेखात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की उपासनेतून तक्रार गेली की न्यायाचा प्रश्नही जातो. देवाकडे दाद मागता येत नाही अशी सवय लागलेला माणूस मग कुणाकडेच दाद मागत नाही.

यात त्यांची बाजू भक्कम वाटते. नगर-मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत दलित कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी दुष्काळ आणि जात दोन्ही सोसलं. मराठी ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ख्रिस्तीविचाराची मांडणी सुरू केली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की आपल्या वेदनेपासून सुरुवात करा. त्या वेदनेसाठी शब्द शोधत फिरायची गरज नव्हती. स्तोत्रसंहितेत ते होतेच.

दुसरी बाजूही आहे. काही विलापगीतं रागाच्या भरात फार पुढे जातात. १३७वं स्तोत्र घ्या. इ.स.पू. ५८६च्या सुमारास यरुशलेम पडलं, लोकांना पकडून बाबेलला नेलं, आणि नेणारेच म्हणू लागले की तुमच्याकडची गाणी म्हणून दाखवा. परक्या मुलखात, मुकादमाच्या हुकुमावर, करमणुकीसाठी गायचं? गीतकार नकार देतो. १९७८ मध्ये बोनी एमने गाजवलेलं ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ याच स्तोत्रावर आहे. पण स्तोत्राचा शेवट शत्रूच्या तान्ह्या मुलांच्या हत्येची इच्छा करतो, आणि तो भाग त्या गाण्यात नाही. १०९वं स्तोत्र तर शापांची यादीच आहे. कॅथलिक धर्मगुरू रोज म्हणतात त्या प्रार्थनापुस्तकातून ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर काढून टाकली गेली. ते बरोबर झालं का यावर आजही वाद आहे. एक गट म्हणतो की असले शब्द प्रार्थनेत नकोत. दुसरा म्हणतो की सूड हातात घेण्यापेक्षा तो देवापुढे बोलून टाकलेला बरा.

राहिलं १२६वं स्तोत्र. आरोहणाच्या गाण्यांपैकी एक, जेमतेम सहा वचनांचं. त्यात बियाण्याची पिशवी घेऊन रडत रडत पेरायला निघालेला माणूस आहे, आणि पेंढ्या घेऊन परत येणारा तोच माणूस आहे. दुष्काळी मुलखात बी पेरताना माणूस का रडतो हे उघड आहे. घरात खायला जेवढं आहे तेवढंच मातीत टाकायचं असतं.

कॅथलिक वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात हे स्तोत्र ‘क’ वर्षी दोनदा रविवारी येतं. एकदा नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी आणि एकदा उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी. पुढच्या वेळी या तारखा पडतात ५ डिसेंबर २०२७ आणि २ एप्रिल २०२८. पहिल्या तारखेला बीडची माणसं फडात कोयता चालवत असतील. दुसऱ्या तारखेपर्यंत बहुतेक ट्रॉल्या गावाकडे वळलेल्या असतील.